रिकाम्या खुर्चीचा पाठ

हे मी पत्नीलाही सांगितलेले नाही. आणि ज्याला सांगायला हवे होते, त्याला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतो — पण आधी पाठाची रीत समजावून द्यावी लागेल. तिच्यावाचून माझा दोष कळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची वर्षे. वाशिमकडच्या एका शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवीत होतो. मुले खेड्यांतली, वाचीत, लिहीत — बोलत मात्र नसत. माणसासमोर चुकायची लाज वाटते ना? मग समोर माणूसच नको, असे मी ठरवले. वर्गापुढे एक रिकामी खुर्ची मांडली. तिच्यामागच्या भिंतीत नकाशांच्या खोलीत उघडणारा झरोका होता. त्या खोलीत मी बसायचे आणि मुलांनी खुर्चीला इंग्रजीत प्रश्न विचारायचे. तू कोण? कुठून आलास? घोगऱ्या, सावकाश आवाजात खुर्ची उत्तर देई. प्रश्न चुकला, तर खुर्ची गप्प.

मुलांना अर्थात सगळे ठाऊक होते. "खुर्चीले पडसं झालं, मास्तरले काढा पाजा!" असे म्हणून ती खिदळत. पाठ रंगला. रीत म्हणून ती चांगलीच होती, हे आजही सांगतो.

किसन मेडशीचा. त्याच्या तोंडून मी इंग्रजीचा एक शब्द ऐकला नव्हता. थोरला भाऊ रामा पटकीने गेला, त्याचे दिवस आटोपून तो नुकताच परतला होता. पाठ त्याच्या गैरहजेरीत सुरू झाला होता; भिंतीमागे मी असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मुले हसत होती. तो उठला आणि इंग्रजीत — अगदी बिनचूक — म्हणाला : माझा भाऊ तिथे आहे का?

मी काय करायला हवे होते? दार उघडून बाहेर यायचे. एवढेच. पण मुका मुलगा बोलला होता — माझ्या पाठामुळे बोलला होता — आणि थोड्याच दिवसांत तपासनीस यायचे होते. मी झरोक्याला तोंड लावले. म्हणालो, हो. आहे.

त्यानंतर कोणी हसले नाही. किसनला खरे सांगायचा धीरही कोणाला झाला नाही. तो रोज विचारी, मी रोज उत्तर देई. तिथे थंडी असते का? आपला ढवळ्या बैल त्याला आठवतो का? शब्दकोश चाळून तो प्रश्न जुळवून आणी. मी व्याकरणशुद्ध उत्तरे दिली. तपासनीसांनी माझी पाठ थोपटली.

मग त्याची आई शाळेत आली.

"मास्तर, पोरगं रिकाम्या ओसरीवर कोनाशी बोलून राह्यलं? मले तं ते भाषा समजत नाही."

"अभ्यास करतो तो, बाई."

"पन मधातच थांबते. कोनाचं तरी आयकते, अन् मंग हासते."

तेव्हा सांगता आले नसते का? मी म्हणालो, पाठांतर असेच करतात. तिला हायसे वाटले. जाताना तिने मला हात जोडले.

मी पाठ बंद केला, झरोका बुजवून घेतला. किसनने तक्रार केली नाही — का केली नाही, हे मी विचारले नाही. त्याला आता खुर्ची लागत नव्हती.

पुष्कळ वर्षांनी वाशिमजवळच्या मालेगावला मोटारीच्या अड्ड्यावर तो भेटला. स्वतः इंग्रजीचा मास्तर झालेला. वाकून पाया पडला. "माय थकली," म्हणाला. "लग्न कर म्हनून मांगं लागली. पन दादा नाही म्हनते."

पुढचे तो इंग्रजीत बोलला. भावाविषयी तो इंग्रजीतच बोले. भावाने बजावले आहे — घरात तिसरे माणूस आणू नकोस, आपले बोलणे तुटेल. हे वाक्य मी त्या भिंतीमागून कधीही उच्चारले नव्हते.

तो आवाज माझा होता, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. मोटार सुटायला अवकाश होता. आसपास ओळखीचे कोणी नव्हते. तो माझ्या तोंडाकडे पाहत थांबला होता.

मी म्हणालो, "उच्चार फार सफाईदार झाले आहेत तुझे."

तो लाजून हसला. मी मोटारीत जाऊन बसलो.