अनवाणी चढाई

मी जिल्ह्याच्या संघातून कधी खेळले नाही, म्हणून लोक अजून माझ्यासाठी हळहळतात. ती हळहळ त्यांनी आपल्याजवळच ठेवावी. मला त्या दिवशी राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही, एवढंच.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. तारापूरच्या बाजूला आमचं मासेमारांचं गाव. घरांमागे चोपून सारवलेलं खळं होतं, त्यावर दिवसभर जवळा सुकायचा. दुपार कलली की बायका तो गोळा करायच्या, खळं झाडायच्या, आणि माझी वहिनी तांब्यातांब्याने पाणी मारायची. धूळ बसली, माती जरा नरम झाली की चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि कबड्डी सुरू. लागायचं काय? सात-सात जणी आणि छातीत दम. बाजारातून मासळीच्या पाट्या रिकाम्या करून आलेल्या बायका लुगडं खोचून चढाईला जायच्या. वहिनीला तीन मुलं, पण तिने घोटा धरला की सुटणं नाही. मला खेळ तिनेच शिकवला. अंगाला जवळ्याचा वास यायचा, म्हणून दुसऱ्या गावच्या पोरी नाक मुरडायच्या. मुरडू देत. नाक मुरडताना दम टिकत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी पालघरला होती. मला तो पाठीवर नंबर असलेला शर्ट हवा होता. बाकी काही नको होतं. वहिनी आम्हा सातजणींना एसटीने घेऊन गेली.

मैदान नव्हतंच. मोठं सभागृह, आणि फरशीवर एकमेकांत अडकवलेल्या निळ्या मॅटचे तुकडे. एका टोकाला आकडे उजळणारा फलक. आमच्या गावातला फलक म्हणजे खडू आणि दाराची फळी. पंच समजावून सांगत होते की मोठ्या स्पर्धा आता मॅटवरच होणार, टीव्हीवर दिसणार, खेळाडूंना लागणार नाही, म्हणून बूट सक्तीचे. यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवर मातीतल्या खेळाचे जुने व्रण होते. पण बोईसरच्या मुली वर्षभर मॅटवर सराव करून आल्या होत्या, आणि आम्ही ती वस्तू त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. बुटांचं पत्र क्लबांना गेलं होतं. आमचा क्लब कुठला? आमचं खळं. पण कुणीतरी तोंडी सांगितलं होतं, म्हणून मी भावाचे कॅनव्हासचे बूट घेऊन गेले होते, पुढे चिंध्या कोंबून.

बोईसरशी आमचा सामना लागायच्या आधी सगळे यादी तपासत होते. तेवढ्यात वहिनीने नळावरून तांब्या भरला आणि सवयीने मॅटवर सपासप पाणी मारलं. सगळं सभागृह हसलं. पंच म्हणाले, "बाई, हे तुमचं अंगण नाही."

"पानी नाय मारलं तर पोरींचे गुडघे फुटतात," वहिनी म्हणाली.

लोक आणखी हसले. मॅट पुसून सुकायला अर्धा तास गेला. वहिनीनेही गुडघे टेकून पुसली, आणि मग कोपऱ्यात जाऊन बसली ती मान खाली घालून. भल्याभल्या गड्यांना आडवं करणारी बाई. तिला तसं बसलेलं पाहून माझं डोकं फिरलं.

पहिल्या डावात माझा खेळ मातीमोल झाला. पायाखाली काय आहे तेच कळेना. बूट एकीकडे, पाय दुसरीकडे. दोनदा चढाईला गेले, दोन्ही वेळा पकडली गेले. दुसऱ्या डावात मी बूट काढले आणि रेषेबाहेर नीट जोडीने ठेवले. पंचांनी शिट्टी वाजवली. नियम आहे, अनवाणी खेळाल तर गुण धरणार नाही, असं ते शांतपणे म्हणाले.

"नका धरू," मी म्हटलं. "मॅट तुमची हाय, शिट्टी तुमची हाय. पाय माझे हायत."

आणि मध्यरेषा ओलांडून गेले. मॅट तळव्यांना घासून चटके देत होती, पण निदान ती मला कळत होती. उजव्या कोपऱ्यातली मारली. परत वळताना दोघी अंगावर आल्या, त्यांनाही घेऊन मी रेषेला हात लावला. दम शेवटपर्यंत चालू होता.

शिट्टी वाजली. चढाई रद्द. फलकावरचा आकडा हलला नाही. पंचांनी त्या तिघींना आत यायला सांगितलं.

त्या मुलींशी माझी ओळखही नव्हती. पायांत चांगले बूट, अंगात क्लबचे शर्ट. पण त्याही कुठल्यातरी मातीतच खेळ शिकल्या असणार. मातीत पंच असो नसो, हात लागला की जिला लागला ती आपण होऊन बाहेर जाते. तिघी बाहेर जाऊन उभ्या होत्या. पंचांनी पुन्हा शिट्टी वाजवली. कुणी हललं नाही. त्यातली उंच मुलगी म्हणाली, "सर, आम्ही बाद आहोत."

संध्याकाळी यादी लागली. त्यात त्या उंच मुलीचं नाव होतं, माझं नव्हतं. वहिनी मान वर करून मला म्हणाली, "तीन मारल्यास. मी बघितलं."