पोरांची वाटणी

दिराने माझं मनगट पिरगाळून धरलं होतं आणि सासरे माझा अंगठा शाईच्या पॅडवर दाबत होते. मी बारावी पास आहे. सही येते. पण सासरे म्हणाले, "बायकांची सही फिरती. अंगठाच घ्या."

समोर फारकतीचा स्टॅम्पपेपर. पाटणहून एक लिहिणारा आणला होता. तो मोठ्याने वाचत होता, "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की..." इकडे माझं हाड कटकट वाजत होतं आणि हा वाचतच होता. मुलगा बापाकडे. मुलगी आईकडे. यापुढे एकमेकांवर हक्क नाही. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी सहाची. अंगणात भावकीतले दहा जण चहा पीत बसले होते. एकानेही कप खाली ठेवला नाही.

नवरा फौजेत. सुट्टीवर आला होता. कोरेगावची दुसरी मुलगी बघून ठेवलेली, म्हणून एवढी घाई.

माझा पाठचा भाऊही तिथंच होता. वाटलं, आता उठेल. तो म्हणाला, "आक्का, दे की गं अंगठा. पोरगी तर देत्यात न्हवं."

देतायत! माझ्या पोटची पोर मलाच बक्षीस!

डोक्यात तिडीक गेली. दिराच्या हाताला कडकडून चावले. रक्त येईपर्यंत सोडलं नाही. नवऱ्याने तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला आणि रक्त कागदावर सांडलं. अंगठा उमटायचा राहिलाच.

लिहिणारा ओरडला, "आरं आरं, कागद नासला! आता दुसरा आणाय लागंल."

माझं तोंड फुटलेलं, आणि ह्याला कागदाची काळजी. आठ वर्षं मार खाताना मला वाटायचं, चूक आपलीच असेल. त्या वाक्याने डोळे खाडकन उघडले. यांच्या लेखी मी माणूसच नव्हते. भिंतीला ऊस तोडायचा कोयता टेकवलेला होता, तो उचलला. नासलेला कागद पोलक्यात कोंबला.

"वाटणी भांड्यांची करा," मी किंचाळले. "पोरं दोन्ही माझी हायत. आडवा येईल त्याला उभा चिरीन!"

कुणी उठलं नाही. मुलगा कडेवर, मुलगी हाताला. कोयता वेशीबाहेर टाकला आणि कराडची एसटी धरली.

तिथल्या वकीलबाईंनी तो कागद उलटसुलट बघितला. म्हणाल्या, "यावर अंगठा दिला असतात तरी हा घटस्फोट नव्हता. तो कोर्ट देतं. तुम्ही अजून त्याची बायको आहात. त्याने दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा होईल."

मला हसू आलं आणि रडूही आलं. अख्ख्या भावकीने एका रद्दी कागदासाठी माझं मनगट मोडायला काढलं होतं.

आता केस चालू आहे. घटस्फोट मलाही हवा आहे. पण कोर्टातून, आणि दोन्ही लेकरं माझ्याजवळ ठेवून.

मागच्या तारखेला नवऱ्याने मला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं. म्हणाला, "केस माघारी घे. न्हाईतर पोराला उचलून न्हेईन."

आजवर मी त्याला 'आवं' म्हणत आले. मान वर केली नव्हती. त्या दिवशी सरळ डोळ्यांत बघितलं.

"ये तू," म्हणाले. "लाव पोराला हात. खांद्यापासनं तोडीन."