मार्चमध्ये मोडलेली पेन्शन

माझे यजमान मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात बोली पुकारायचे. घरातही ते त्याच पट्टीत बोलत. त्या आवाजात घोगरेपणा आला तेव्हा आम्ही गुळण्या केल्या, काढे केले, आणि त्यात चांगले दोन-तीन महिने घालवले. मग डॉक्टरांनी सांगितलं, गाठ श्वासाच्या वाटेवर आलीय. स्वरयंत्रच काढावं लागेल, आणि तेही लगेच.

"आवाज गेल्यावर सौद्यात नुसता हात हालवू व्हय?" असं ते डॉक्टरांनाच म्हणाले. बाहेर आल्यावर मात्र जिन्यातच बसले.

मी विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. अशा नोकरीला पेन्शन नसते, म्हणून तरुणपणीच एका विमा कंपनीची पेन्शनची पॉलिसी घेतली होती. साठीनंतर दरमहा पैसे सुरू होणार होते. ऑपरेशनसाठी ती मोडली. हाती पैसे येईपर्यंत मार्च अर्धा सरला होता. कंपनीने थोडा कर कापून बाकीची रक्कम खात्यात टाकली. कर मिटला, असं मी धरून चालले. ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पाडलेल्या माणसाला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून मार्चअखेरीसच मी राजीनामा दिला.

जुलैत विवरणपत्र भरायला आम्ही दोघं राजारामपुरीत कर सल्लागाराकडे गेलो. यजमानांचे जुने ओळखीचे. त्यांनी कागद दोनदा पाहिले.

"वहिनी, ही सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाणार."

"उत्पन्न कसलं? माझेच पैसे आहेत ते. साठवलेले."

"व्हय, पण हप्ते भरताना दरवर्षी करात सूट घेतलीत की. मुदतीआधी मोडली, आता व्याजाबोनससकट सगळ्यावर कर बसतो. कंपनीनं कापलाय तो अगदीच थोडा. त्यात वर्षभराचा पगार हायच, त्यामुळं वरच्या दरात गेलाय तुम्ही."

"पण ते पैसे दवाखान्यात गेले. पावत्या आहेत माझ्याकडे."

"पावत्यांनी काय फरक पडत न्हाय, वहिनी." त्यांनी चष्मा काढला. "एप्रिलात मोडली असती तर बरंच वाचलं असतं. नव्या वर्षात तुम्हाला पगारच न्हाय."

यजमानांनी टेबलावर मूठ आपटली. पूर्वी त्यांनी सगळी इमारत गोळा केली असती. आता गळ्यातल्या भोकातून फक्त हवा फुसफुसली, आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की सल्लागारच उठून पाणी आणायला धावले.

घरी आल्यावर त्यांनी पाटी ओढून घेतली. बोलायचं ते आता ते पाटीवर लिहीत. 'एप्रिलपर्यंत थांबायचं हुतंस.'

माझं डोकंच फिरलं. "थांबले असते तर आज पाटीवर लिहायला कोण होतं?" मी ओरडले. त्या घरात इतकं मोठ्यानं मी कधीच बोलले नव्हते. त्यांनी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला खरं तर त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. पण मग कुणाशी भांडायचं होतं?

राजीनाम्यानंतर मिळालेला प्रॉव्हिडंट फंड तेवढा शिल्लक होता. त्यातला बराचसा करात गेला. सल्लागारांनी स्वतःची फी घेतली नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, वहिनी, लाजवू नका."

आता मी संध्याकाळी घरीच शिकवण्या घेते. यजमान कधीकधी यार्डात जाऊन बसतात. लोक चहा पाजतात, पण सौदा सुरू झाला की ते उठून घरी येतात. पुढच्या महिन्यात त्यांची पुन्हा तपासणी आहे. काही निघालं तर मोडायला आता काहीच उरलेलं नाही. त्यांनाही ते ठाऊक असणार.