जिवलगाची जागा

ताई मंगळवारी सकाळी गेली. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. लोक जमले, तिला घेऊन गेले. आमची पिंपं शेजारच्या काकूंनी भरली.

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीतला साठा रोज पेपरात यायचा. जालना रोडला करमाडच्या दिशेनं इमारती वाढत होत्या, आणि आम्ही दोघी बहिणी भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालत होतो. नळ आठवड्यातून एकदा, पहाटे कधीतरी यायचा. पाण्याआधी त्यातून हवा फुसफुसायची. ताईला ती झोपेतही ऐकू जायची, मला नाही. "ऊठ गं, पाणी आलं," या तिच्या हाकेनं मी उठायची.

ती गेल्यावरही हाक येत राहिली. मी उठून मोरीत जायची आणि नळ फुसफुसत असायचा. हाक एकदाही चुकली नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण जेवण जाईनासं झालं, कॉलेजच्या ग्रंथालयात मी पुस्तकं भलत्याच कपाटात लावू लागले, तेव्हा काकू मला कॉलनीतल्या मैत्रीभावनेच्या ध्यानवर्गाला घेऊन गेल्या.

देवळामागच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायचं. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग एका जिवलगाचं, मग ज्याच्याशी ना देणं ना घेणं अशा कुणाचं, शेवटी ज्याच्याशी बिनसलंय त्याचं. उठण्याआधी स्वतःला तपासायचं: झोप लागते का, राग कितपत आहे, आज मन कुठे अडलं. माझं रोज जिवलगापाशीच अडे. 'सुखी अस' म्हटलं की ताई बादली घेऊन उभी राही. चेहरा दिसत नसे. माझी इच्छा तिच्यापर्यंत जाई आणि तशीच परत येई.

शिकवणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं, "जिवलग म्हणून कुणाला बसवलंय?"

"ताईला."

"असतात कुठं त्या?"

काकू म्हणाल्या, "गेली हो ती. उन्हाळ्यात."

"अगं, मग तिला इथं नाही बसवायचं. तिच्यासाठी रड, पान वाढ, काय हवं ते कर. ही जागा जित्या माणसाची."

"मग आमच्या ह्यांना बसवू का नको?" मागून एक बाई म्हणाल्या. "दिवसभर मोबाइलात तोंड. जिते हायेत का, हलवून बघावं लागतं."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन रडले. हा नियम मी ग्रंथालयातल्या एका पुस्तकात वाचलेला होता. तळटिपेत होता, म्हणून पुढे गेले होते.

त्या जागी बसवायला मला दुसरं कुणी सुचेना. शिवाय ताईला तिथून उठवलं तर हाकही जाईल, ही भीती होती. बरेच दिवस मी स्वतःचं भलं चिंतून तिथेच थांबत असे. एका संध्याकाळी घरी तशीच बसले असताना भिंतीपलीकडून काकूंचा खोकला ऐकू आला. मी मनात म्हटलं, "ताई, बादली ठेव खाली." तिनं ठेवली. मग मी काकूंचं नाव घेतलं आणि 'सुखी असा' म्हटलं. इच्छा गेली ती परत आली नाही.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी दार धडधडल्यानं उठले. पदर खोचून, हातात बादली घेऊन काकू उभ्या होत्या.

"पोरी, पाणी जायला आलं की! लई झोपलीस व्हय?"

त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. मग मोरीत गेले. नळाची धार बारीक झाली होती. पिंप अर्धंच भरलं.

ताईची हाक पुन्हा आली नाही. धरण भरलं तरी पाणी आठवड्यानंच येतं. त्या दिवशी काकू दार वाजवतात आणि मी उठते.