गौरीची दुधाची दाढ

विनायक गेल्याची बातमी मोबाइलवर फोटोसकट आली. वाशीमकरांना हयातभर ‘आ करा’ म्हणणारा दातांचा डॉक्टर, आणि फोटोत तोंड घट्ट मिटलेलं. खाली ‘दंतमहर्षी’. शोकसभेत एका वक्त्याने तर त्याला शांत, धीरगंभीर ठरवून टाकलं... माझा हा शाळासोबती चहा निवेपर्यंतही एका जागी बसत नसे. पेशंटचा जबडा बधिर होईस्तोवर खिडकीशी येरझारा घालायचा.

त्याला थांबताना मी एकदाच पाहिलं. इंझोरीचा गजानन, भाजीपाला पिकवणारा, मुलीला घेऊन आला होता. मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. गौरी मला सहावीतली वाटली.

‘‘दाड दुखते इची. दुधाची हाय, काडून टाका,’’ गजानन म्हणाला. ‘‘माय टिनावर फेकाले वाट पाहून राह्यली.’’ पडलेला दुधाचा दात घरावर फेकला की नवा लवकर येतो, ही आपली रीत.

‘‘वय?’’

‘‘सातवं. दुसरीत हाय. मास्तर म्हंते, एवढी घोडी झाली अन् वाचता येत नाही.’’

विनायकने तोंडात पाहिलं, चेहरा पाहिला, पुन्हा तोंडात. पुढच्या कितीतरी वर्षांचे दात आधीच येऊन बसले होते. त्याने एक्स-रे काढला आणि बसला. चक्क बसला. खालच्या दोन दुधाच्या दाढांखाली पक्क्या दाढांचा पत्ताच नव्हता.

‘‘काडाची नाही. सिमेंट भरतो.’’

‘‘मंग नवी कशी येईन?’’

‘‘येनारच नाही. हेच सांबाळाची.’’

‘‘काहून मजाक करता डाक्टर! बाकीचे तं सारे घाईनं आले.’’

‘‘आंग धावून राह्यलं, म्हणून पोरीलेही धावाले लावता काय? सातचीच हाय ते.’’

नागपूरला तपासणीत जास्त वाढीचा जन्मजात विकार निघाला. विनायकने मास्तरांना फोनवर झापलं, गौरीच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा खिडकीत ठेवला आणि अधूनमधून तिला बोलावून ती दाढ हलते का, तेवढं बघत राहिला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी दवाखाना आवरायला बोलावलं. साचा खोक्यात टाकतोय तोच बापलेक दारात. त्यांना काही कळलंच नव्हतं. सांगितलं, तसा गजानन उंबऱ्यावरच बसला. ‘‘आता कोणाले दाखवाव आमी?’’ गौरी मात्र सवयीने खुर्चीत चढली आणि आ केला. मी डॉक्टर नाही, तरी वाकलो. थोराड दातांच्या रांगेत ती बुटकी दाढ जागेवर होती.

‘‘हालते का, काका?’’

‘‘नाही,’’ म्हणालो... हात लावायचं धाडस झालं नव्हतं.

तेव्हापासून साचा माझ्या पिशवीत आहे. गौरीसाठी डॉक्टर शोधत दवाखान्यामागून दवाखाने हिंडतो. एक्स-रेही सोबत असतो, पण आधी दाखवत नाही; पहिला प्रश्न कोणता येतो, ते बघतो. काल एकाने साचा पाहताच विचारलं, ‘‘दुधाचीच ना? कधी काढायची?’’

साचा पिशवीत घालून मी उठलो.