धाकटी चकती

सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘एकचकती’ म्हणायची, आणि त्याला ते बिरुद वाटायचं. पेडलजवळच्या ज्या दातेरी चकतीवरून चेन फिरते, ती सायकलला एकच असावी, हे त्याचं ठाम मत. गिअरच्या सायकलींना तिथे तीन असतात: थोरली, मधली आणि धाकटी. धाकटीवर चेन टाकली की चढ हलका होतो. एकचकतीच्या मते जगातले झाडून सगळे आळशी लोक त्या धाकटीच्या जिवावर जगत होते.

“तीन-तीन? सायकल आहे की एकत्र कुटुंब?” असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचा. गिऱ्हाईक ब्रेकसाठी आलेलं असलं तरी जाताना त्याची धाकटी बाकाखालच्या पत्र्याच्या डब्यात पडलेली असायची. लोकही इतकी मेंढरं, की वर आभार मानून जायचे.

गणिताच्या सरांना तर त्याने पुरतं सोललं. सरांनी चोरीच्या भीतीने सायकलच्या एकेका भागावर लाल रंगाचा ठिपका दिला होता. “हे भंगार न्यायला चोराला वेड लागलंय का?” म्हणत त्याने त्यांची धाकटी उतरवली. पुढे सर कुरकुरत आले, टेकडीवरच्या शाळेपर्यंत आता चढवत नाही म्हणाले.

“मग उतरून चाला, सर. चालायला गिअर लागत नाहीत.”

सर बिचारे खरोखरच चालायला लागले.

त्याच टेकडीवर एकचकतीची ताई एकटी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, सीट धरून धापा टाकत मागे पळून सायकल शिकवली. आता तिचे पाय तिला खाली आणत नव्हते, म्हणून दर रविवारी तो वर जायचा. शेवटच्या वळणावर सीटवरून उठायचा, छाती काढायचा, कारण ताई खिडकीतल्या खुर्चीत बसून वाट बघत असायची. त्याचा सगळा माज त्या एका वळणासाठी होता म्हटलं तरी चालेल.

मग गुडघा गेला. एका रविवारी निम्म्या चढावर पाय टेकला आणि गडी तिथूनच मागे वळला. ताईला फोनवर म्हणाला, “दुकानात मरणाची गर्दी आहे गं.” पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच.

“कसली गर्दी? माशा मारताय नुसत्या,” बायको म्हणाली. “बसने जा की.”

“सायकलवाला बसने?”

“मग डब्यातली एखादी धाकटी लावा. ढीग पडलाय.”

“त्यापेक्षा पाय तोडून घेईन.”

“तोडा. तसं डोकं तरी कुठे वापरात आहे!”

शेवटी ताईचाच फोन आला. “खिडकीतली खुर्ची काढून टाकली रे. उगाच अडचण होत होती.” ती रागावली नाही, रडलीही नाही.

त्याने दुकानाचं दार आतून लावलं आणि डबा उपसला. त्याच्या सायकलला बसेल अशी एकच धाकटी निघाली, तीही लाल ठिपक्याची. शिव्या घालत ती त्याने बसवली. चेन सरकवायचा खटका मात्र लावला नाही, कारण तो हँडलवर लोकांना दिसला असता. टेकडीच्या पायथ्याशी भिंतीच्या आडोशाला जायचं आणि बोटांनी चेन धाकटीवर टाकायची, असा बेत. जन्मभर दुसऱ्याला अक्कल शिकवणाऱ्याची ही अक्कल!

रविवारी तो भिंतीआड उकिडवा बसून चेन उचलत होता, तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. जादा तास घ्यायला निघालेले गणिताचे सर, सायकल ढकलत. त्यांनी त्याची काळी बोटं पाहिली, मग चकतीवरचा लाल ठिपका पाहिला.

“चोराला खरंच वेड लागलंय की,” सर म्हणाले आणि पुढे चालू लागले.

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. पण धरणी कशाला असल्याला पोटात घेते? तो निघाला. पाय गरागरा फिरत होते आणि सायकल मुंगीच्या पावलांनी चढत होती. सरांना ओलांडताना त्याने मान वर केली नाही. गुडघा मात्र एकदाही बोलला नाही. शेवटच्या वळणावर तो सवयीने सीटवरून उठला, तर खिडकी रिकामी.

ताईने चाचपडत दार उघडलं आणि त्याचा हात हातात घेतला.

“रविवारी हात तेलकट कसे रे?”

“चेन पडली.”

“थापा मारू नकोस. तुझी चेन कधी पडत नाही.”

“ताई, खुर्ची का काढलीस? रागावलीस ना?”

“राग कसला? ते वळण माझ्या डोळ्यांना दिसायचं बंद होऊन वर्ष उलटलं. मी आपली तुझं चाक टिकटिकायची वाट बघत बसायचे. तेही येईना, मग खुर्ची कशाला?”

म्हणजे वर्षभर तो रिकाम्या रस्त्याला छाती दाखवत होता, आणि जिला दिसतच नव्हतं तिच्यापासून तोंड लपवून घरी बसला होता. मूर्ख त्याने पुष्कळ पाहिले होते, घाऊक भावात तुच्छ लेखले होते. एवढा मोठा पाहिला नव्हता.

“पाय टेकलास का रे चढावर?” ताईने विचारलं.

“नाही. पण धाकटी चकती लावली.”

“मग आधीच लावायचीस की,” ताई म्हणाली. “मी सीट धरून मागे पळायचे, तेव्हा लाज वाटली होती का तुला?”