डावीकडचा आवाज

आर्वो केतोलाला लोक बोलावत ते त्याच्या कानासाठी. थंडर बेमध्ये कुणाच्या घरी स्पीकर चालवणारा नवा रिसीव्हर आला, टीव्हीभोवती पाच-सात स्पीकर मांडून झाले आणि तरीही सिनेमातली माणसं पुटपुटतात अन् स्फोट झाला की कपाटातल्या बशा थरथरतात, असं झालं की लोक आर्वोला फोन करत. तो यायचा, बर्फाने भरलेले बूट दाराशी काढायचा आणि मोज्यांवरच आत येऊन खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवायचा. ती टाळी भिंतीवरून कशी परत येते ते ऐकायचा. मग म्हणायचा, "तो गालिचा पुढे ओढा."

पुढचा तासभर घरच्यांनी गप्प राहायचं असा नियम होता. तुम्ही रोज खरोखर कुठे बसता, हे तो आधी विचारी. पाहुणे आल्यावर कुठे बसता, ते नको. त्या जागेपासून प्रत्येक स्पीकर किती लांब आहे ते टेप लावून मोजायचा आणि रिसीव्हरमध्ये भरायचा. बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, त्याचा आवाज जरासा वर चढवायचा. छोट्या स्पीकरांवरचा जड आवाजाचा भार काढून कोपऱ्यातल्या मोठ्या खोक्याकडे सोपवायचा. मागच्या स्पीकरांवर त्याचा सगळ्यात जास्त वेळ जाई. "मागचा ऐकू आला की समजा चुकलं," तो म्हणे. "तो आहे हे कळू नये. बंद केला तर मात्र कळलं पाहिजे."

रिसीव्हरच्या खोक्यात एक छोटा माइकही येतो. तो बसायच्या जागी ठेवून बटण दाबलं की एकेका स्पीकरमधून खरखर वाजते आणि यंत्र आपलं आपणच सगळं जुळवून घेतं. आर्वोला त्या माइकचा राग होता. त्या माइकला सिनेमा आवडतो का, असं तो विचारी आणि माइक परत खोक्यात टाकी. कामाचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. कॉफी आणि पर्शियन, म्हणजे तिथलं गुलाबी लेपाचं गोड बन, मिळालं की तो खूश.

हा कान त्याने कागदाच्या गिरणीत कमावला होता. तरुणपणापासून तो तिथे यंत्रदुरुस्तीवर होता. एवढ्या गोंगाटात कुठलं बेअरिंग कुरकुरायला लागलंय हे त्याला चालता चालता कळायचं. त्यासाठी तो कानातले बोळे काढून ठेवायचा. बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार, असं त्याचं म्हणणं. त्याचं लग्नही झालं होतं, उशिराच. कॉलीनला इथली थंडी सोसवेना, ती केलोनाला बहिणीकडे गेली आणि तिकडचीच झाली. भांडण असं काही झालं नाही. मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर आर्वोने तळघराच्या भिंतींना काळं जाड कापड ठोकलं, बंद पडलेल्या एका थिएटरच्या खुर्च्या आणून मांडल्या आणि दर शनिवारी दुपारी गिरणीतली मित्रमंडळी सिनेमा बघायला येऊ लागली. मधल्या खुर्चीत आळीपाळीने प्रत्येकाला बसवायचा. कुणी हललं की ओरडायचा.

मग माणसं कमी होत गेली. वॉलीचे गुडघे जिने उतरायला तयार नव्हते. कुणी मुलांकडे राहायला गेलं, कुणाला शनिवारचीच दुसरी कामं निघू लागली. हार्वी प्राइस मात्र शेवटपर्यंत यायचा, मग तोही गेला. आर्वो आधी मोठ्या भांड्यात कॉफी करायचा, ती लहान भांड्यात करू लागला, आणि पुढे एकट्यासाठी मगमध्येच.

याच सुमारास त्याच्या लक्षात आलं की आपले डावीकडचे स्पीकर मंद पडत चालले आहेत. त्याने वायरी बदलल्या. स्पीकरच बदलला. रिसीव्हर बदलला. दर वेळी डावी बाजू थोडी वर चढवावी लागे. एकदा चडफडत त्याने माइक लावून पाहिला, तर त्या माइकने डावी बाजू एकदम खाली आणून ठेवली. माइक बिघडला असं म्हणून त्याने तो खणात फेकला. लोकांच्या घरी काम करतानाही हल्ली डाव्या बाजूला जास्त कष्ट पडत. आजकालचे स्पीकरच वाईट, असं त्याने ठरवून टाकलं.

हार्वीच्या मागे त्याची बायको ग्लेंडा एकटीच राहत होती, दोन गल्ल्या सोडून. हार्वीने आजारपणात हौसेने घेतलेले स्पीकर आर्वोनेच तिला लावून दिले होते. डिसेंबरातल्या एका दुपारी तो यंत्र घेऊन तिच्या दारातला बर्फ काढायला गेला. अर्धं काम झाल्यावर तिने कॉफीला आत बोलावलं. टीव्हीवर हॉकीचा सामना चालू होता. आर्वो खुर्चीत टेकला आणि त्याची मान ताठ झाली. डावी बाजू मेल्यासारखी होती. त्याने न विचारता रिमोट उचलला, आवाजाच्या पातळ्यांचं पान उघडलं आणि पाहिलं. आकडे त्याचे नव्हते.

"याला कुणी हात लावला?"

ग्लेंडाने किटली खाली ठेवली. "माझ्या भाच्याने."

"त्याला काय कळतं यातलं?"

"काही नाही कळत. त्याने तो माइक लावला आणि बटण दाबलं."

"म्हणूनच डावी बाजू मेलीय."

तिने कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "आर्वो, डावी बाजू मेलेली नाही. तू लावून गेलास तेव्हा खेळ समोर चालायचा आणि अख्खा जमाव त्या डाव्या कोपऱ्यातल्या कुंडीमागे ओरडायचा. मला डोकं दुखायला लागायचं."

"मग मला सांगायचं होतंस."

"कसं सांगू? हार्वीला तर माहीतच होतं. तुझ्याकडून आला की म्हणायचा, आर्वोचा डावा कान गेलाय."

आर्वोने रिमोट टेबलावर ठेवला. "वॉलीला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं."

"आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

ग्लेंडाने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "वॉली सांगणार होता. हार्वीच म्हणाला, राहू दे. त्याच्याकडे दुसरं आहे काय."

आर्वोने कॉफी संपवली. पर्शियन तसंच राहिलं. बाहेर जाऊन त्याने उरलेला बर्फ काढला, कडेचासुद्धा, आणि यंत्र ढकलत घरी आला.

घरी येऊन तो तळघरात उतरला. माहितीतला एक सिनेमा लावला, मधल्या खुर्चीत बसला आणि नेहमीसारखं ऐकलं. दोन्ही बाजू त्याला सारख्या वाटत होत्या. मग तो उठला, वरच्या मजल्यावरून स्वयंपाकघरातली एक साधी खुर्ची आणली, ती पडद्याकडे पाठ करून ठेवली आणि तिच्यावर बसला. आता डावीकडचे स्पीकर उजव्या कानाशी आले. तो आवाज असा अंगावर आला की त्याने हात वर केला, कुणी मारायला आल्यासारखा. पडद्याकडे पाठ करून तो सिनेमा संपेपर्यंत बसून राहिला. एवढा आवाज सोसून माणसं शनिवारी त्याच्याकडे येत होती, निघताना छान झालं म्हणत होती.

जानेवारीत कान तपासून आला. तपासणाऱ्या मुलीने डावा कान बराच गेल्याचं सांगितलं आणि गिरणीत होतात का, असंही विचारलं. त्याने हो म्हटलं. कानाचं यंत्र मिळालं, ते बसवल्यावर फ्रीजची घरघर आणि स्वतःचं चावणं ऐकू येऊ लागलं. सिनेमा मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटे.

तेव्हा त्याने एक ठरवलं. गेल्या काही वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या घरी आपण हात घातला, त्यांच्याकडे परत जायचं आणि माइक लावून नीट करून द्यायचं. माफी कशी मागायची याचा विचार त्याने गाडीत बसून बराच केला होता. पण वॉलीकडे पोचला तर तिथे सगळं ठीकच होतं. मध्ये वीज गेली होती ना, त्यात तुझं सगळं पुसलं गेलं, मग आम्हीच काहीतरी केलं, असं वॉली म्हणाला. वीज गेली म्हणून रिसीव्हर काही विसरत नाही, हे वॉलीला ठाऊक होतं आणि आर्वोलाही. दुसऱ्या घरात म्हणे मांजर रिमोटवर बसलं होतं. तिसऱ्या घरात जावयाने यंत्रच बदललं होतं. सगळ्यांनी कॉफी दिली, सगळे गोड बोलले. त्याच्या पाठीमागे प्रत्येक घरात कुणी ना कुणी गुडघ्यावर बसून त्याचं काम पुसलं होतं, आणि तो पुन्हा येईल तेव्हा काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

उरला लुसियन रोबिडू. तो करंट रिव्हरच्या बाजूला एकटा राहायचा, आयुष्यभर बंदरावरच्या धान्याच्या कोठारात काम केलेला, कमी बोलणारा माणूस. आर्वोची त्याच्याशी ओळख अशी फारशी नव्हती. आर्वो आत शिरला आणि दारातच थांबला. लुसियनचा सोफा खोलीच्या मध्यावर नव्हता. तो उजव्या भिंतीला चिकटवून, जरा तिरका करून ठेवला होता. टीव्ही तिकडून वाकड्या मानेने बघावा लागत असणार.

"सोफा असा का ठेवलास?" आर्वोने विचारलं.

"तिकडे मध्ये बसलं की डाव्या कानात फार यायचं," लुसियन म्हणाला. "सरकत सरकत इथे आलो. इथे बरं वाटतं."

"मला फोन का नाही केलास?"

"तू लावलं होतंस म्हणजे बरोबरच असणार. म्हटलं, आपलीच बसायची जागा चुकतेय."

आर्वो सोफ्याच्या हातावर बसला. गाडीत जुळवलेलं वाक्य काही त्याला आठवलं नाही. "माझा डावा कान गेलाय, लुसियन," तो म्हणाला. "बरीच वर्षं झाली. मला आत्ता कळलं. तू बरोबर बसला होतास, चूक माझी होती."

लुसियनने त्याच्या कानाकडे पाहिलं, मग सोफ्याकडे. "मान दुखते खरी," तो म्हणाला.

दोघांनी धापा टाकत सोफा मध्ये आणला. गालिच्यावर जुन्या जागेचे खळगे अजून होते. आर्वोने उशांवर उशा रचून माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला, बटण दाबलं आणि दोघं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. एकेका कोपऱ्यातून खरखर येत होती. ती थांबेपर्यंत बोलायचं नव्हतं, त्यामुळे दोघं खिडकीतून गोठलेल्या सरोवराकडे बघत राहिले. मग लुसियन सोफ्यावर बसला आणि आर्वो, ज्याने आजवर कसं ऐकू येतंय हे कुणाला विचारलं नव्हतं, त्याच्याशेजारी उभा राहून विचारू लागला.

"आता कुठून येतंय?"

"समोरून."

"डावीकडे ओढल्यासारखं नाही वाटत?"

"नाही रे. बाई बोलतेय तिथूनच येतंय. बस आता खाली."

त्या दुपारी त्यांनी लुसियनच्या आवडीची एक जुनी काउबॉयची फिल्म पाहिली. लुसियनला सगळे संवाद पाठ होते आणि तो ते आधीच म्हणून टाकायचा. आर्वोने त्याला गप्प केलं नाही. पुढच्या शनिवारी लुसियन आर्वोच्या तळघरात आला, मग आर्वो त्याच्याकडे, असं हिवाळाभर चाललं. दोघांत गप्पा फारशा व्हायच्या नाहीत. आर्वो मोठ्या भांड्यात नाही, पण निदान भांड्यात कॉफी करू लागला.

सरोवरावरचा बर्फ फुटला आणि पहिली जहाजं धान्य न्यायला आली, त्या दिवसांत लुसियनच्या मुलीने त्याला एडमंटनला न्यायचं ठरवलं. एकट्याने राहायचं वय नाही म्हणाली. जायच्या दिवशी आर्वोने त्याच्या स्पीकरांच्या वायरी सोडवल्या, गुंडाळ्या करून प्रत्येकीला चिकटपट्टी लावली, पुढचा डावा, मागचा उजवा. मुलीच्या घरी ते लावायला जागा नव्हती, हे नंतर फोनवर कळलं. तिथे टीव्हीखाली स्पीकरची एकच लांब पट्टी होती.

"पट्टीच्या बरोबर समोर बसतोस ना?" आर्वोने विचारलं.

"बसतो. पण नातवंडं बसू देत नाहीत."

त्यानंतर काही वेळा फोन झाले. मग नातवंडांची सुट्टी लागली, आणि फोन कमी झाले.

आर्वोने स्वतःचा रिसीव्हर माइकने जुळवला तसाच ठेवला आहे. रिसीव्हरमध्ये दोन जुळण्या साठवता येतात, आणि एकटा असताना डावी बाजू चढवून बघितलं तर त्याला कुणी अडवणार नाही. ग्लेंडाने त्याला तेच सुचवलं होतं. एकदा ईस्टरनंतर ती स्वतः ताजा पुल्ला, वेलदोड्याचा गोड पाव, घेऊन आली, मधल्या खुर्चीत बसली, आवाज चांगला आहे म्हणाली आणि अर्ध्यावर तिला झोप लागली. अंधार पडायच्या आत घरी जायचं म्हणून ती शेवट न बघताच उठली. दुसरी जुळणी करून ठेव की तुझ्यापुरती, असं तेव्हा जिन्यात तिने म्हटलं. करीन, तो म्हणाला.

पण केली नाही. शनिवारी दुपारी तो कानातलं यंत्र काढून बशीत ठेवतो आणि सिनेमा लावतो. उजवीकडून पाऊस येतो, गाड्या येतात, माणसं येतात. डावीकडे काय चाललंय ते त्याला अंदाजाने कळतं. तिथला आवाज बरोबर आहे, एवढं त्याला माहीत असतं, आणि मधली खुर्ची रिकामी ठेवून तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो.